मीटिंगमधून उठताना इंग्रजीत काय म्हणाल?

मराठीत निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. तेच इंग्रजीत ‘आय विल कम’ म्हणालात, तर कस्टमर तुमची वाट बघत बसेल! मग म्हणायचं काय?

1. ‘आय शुड गेट गोइंग’ – ‘चला, निघायला हवं.’ सगळ्यात सौम्य. समोरच्याला शेवटचा प्रश्न विचारायला वाव राहतो. नव्या क्लायंटकडे हेच वापरा.

2. ‘आय हॅव टू गो’ – जावंच लागतंय. नुसतं म्हटलं तर तुटक वाटतं, म्हणून कारण जोडा: ‘आय हॅव अ डिलिव्हरी ॲट फोर.’

3. ‘आय हॅव गॉट टू रन’ – घाई आहे. पळायचं नसतं हो! ओळखीच्या सप्लायरला चालतं, पहिल्या भेटीत नको.

4. ‘आय ॲम लीव्हिंग’ – इथे जपून. रेटची बोलणी चालू असताना म्हणालात, तर रागावून उठलात असं वाटू शकतं आणि ऑर्डर हातची जाऊ शकते.

उठण्याआधी पुढचं पाऊल सांगायला विसरू नका: ‘आय विल सेंड द कोटेशन बाय मंडे.’ आणि सोमवारी ते खरंच पाठवा. कस्टमरच्या लक्षात तेच राहतं.