काट्यावरचं वजन आणि अंगातलं बळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एप्रिल महिना होता. कर्जत-खोपोली रस्त्यावर, पळसदरीच्या अलीकडे, भर दुपारी बाराच्या उन्हात एक मुलगा धावताना दिसला. आत स्वेटर, वर पावसाळी रेनकोट, डोक्याला मफलर. जवळ आला तेव्हा ओळखलं, आमच्याच आळीतला. हाक मारली तर थांबला नाही. धावता धावताच म्हणाला, "चाचा, चार दिवसांत तीन किलो उतरवायचेत!"

मुलगा एकोणीस वर्षांचा. वजन ६० किलो. कुस्तीच्या निवड चाचणीत नाव दिलं होतं ५७ किलोच्या गटात. शेवटचा दीड दिवस त्यानं पाण्याचा घोटही घेतला नाही. थुंकी गिळायची नाही, म्हणून जवळ रुमाल ठेवला. सकाळी काटा ५६.९ वर थांबला आणि मित्रांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या तीन मिनिटांत तो गुणांवर पुढेही होता. दुसऱ्या फेरीत पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. कुस्ती गेली. घरी आणल्यावर त्याची आई मला म्हणाली, "भाईसाहेब, एवढं उपाशी-तापाशी राहून पोराच्या हाती काय आलं?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. मी काही वैद्य नाही आणि पैलवान तर नाहीच. पण प्रश्न डोक्यातून जाईना. डॉक्टरांना विचारलं, जुन्या वस्तादांपाशी बसलो, मिळेल ते वाचलं. त्या माउलीला जे उत्तर द्यायला हवं होतं, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्तीला काटा ठाऊक नव्हता. पंच दोन गडी समोरासमोर उभे करत, नजरेनं जोड जुळवत आणि इनाम ठरवत. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मोठ्यांच्या फेट्यावर आणि रोख रकमेवर. तिथे वजन उतरवून काहीच हाती लागत नसे. उलट खुराक वाढवावा, अंग भरावं, हीच रीत होती. तांबड्या मातीतून कुस्ती गादीवर आली आणि तिच्यासोबत वजनगट आले. आज राज्य अधिवेशनातही ५७, ६१, ६५ असे गट असतात आणि 'महाराष्ट्र केसरी'ची गदा ८६ ते १२५ किलोंच्या गटातला मल्ल घेतो.

गट आले ते न्यायासाठी. पन्नास किलोच्या मुलाला सत्तर किलोच्या गड्याशी झुंजायला लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. पण माणूस हिशेबी. त्यानं विचार केला, आपण ६० किलोचे आहोत. दोन दिवसांपुरते ५७ चे झालो तर समोरचा आपल्यापेक्षा हलका मिळेल. अडचण अशी की समोरचाही हाच विचार करून आलेला असतो. मग दोघेही सुकलेले, दोघेही थकलेले.

दोन दिवसांत उतरतं ते नेमकं काय? चरबी नव्हे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींची शिल्लक. दोन दिवस कितीही धावलं तरी तीन किलो चरबी जळत नाही. उतरतं ते मुख्यतः पाणी. एक लिटर घाम गेला की काटा एक किलोनं खाली येतो. शिवाय यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, तो दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-भाकरी बंद केली की साठाही जातो आणि पाणीही जातं. काटा खूश होतो, पण कुस्तीत ज्या इंधनावर लढायचं तेच आपण ओतून टाकलेलं असतं.

हे मला रमजानच्या दिवसांत स्वतःच्या अंगावर कळलं. उन्हाळ्यातल्या रोज्याला संध्याकाळी वजन केलं तर किलोभर कमी भरतं. रोजा सोडला, रात्री पाणी प्यालो, जेवलो की पहाटेपर्यंत ते जागच्या जागी येतं. माणूस काही रात्रीत बारीक-जाड होत नाही. ते उसनं गेलेलं पाणी असतं. आणि ते परत घ्यायची रीतही रोज्यानं शिकवली आहे. आधी खजूर, थोडं पाणी, मग थोडा वेळ थांबून जेवण. एकदम घटाघटा प्यालं, ताटभर खाल्लं, तर पोटच बिघडतं. अर्थात रोजा ही इबादत आहे, वजन उतरवायची युक्ती नव्हे.

शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, म्हणजे साठ किलोच्या मुलाचं सव्वा लिटर, तरी दम आणि एकाग्रता कमी होऊ लागते. आणखी गेलं की रक्त दाटतं, हृदय जास्त वेगानं धावू लागतं, घाम आटतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते. त्यावर रेनकोट घातला तर? घाम वाळला तरच अंग थंड होतं. रेनकोटाच्या आत तो वाळतच नाही. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या कर्जत-खालापुरात एप्रिल-मे मध्ये ऊन कडक आणि हवा दमट. इथे हा खेळ थेट उष्माघाताशी आहे.

हे नुसतं भय दाखवणं नाही. १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारे महिनाभरात अमेरिकेतले तीन कॉलेज कुस्तीगीर असेच वजन उतरवताना मरण पावले. खाणंपिणं तोडलेलं, अंगात हवाबंद कपडे, खोली तापवलेली आणि त्यात व्यायाम. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि बाष्पस्नान यांवर बंदी आली. हंगामाआधीच प्रत्येकाचं सुरक्षित किमान वजन ठरवायची पद्धत सुरू झाली.

आपल्याकडची उदाहरणं तर ताजी आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला विनेश फोगट ५० किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली. एरवी ती ५३ किलोत खेळणारी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनासाठी रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी काटा १०० ग्रॅमनं वर राहिला आणि ती अपात्र ठरली. शंभर ग्रॅम म्हणजे एक लहानसं केळं! त्याच स्पर्धेत अमन सेहरावतनं एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवलं आणि ५७ किलोत ब्राँझपदक मिळवलं. सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत त्याचं वजन १.७ किलोनं जास्त भरलं आणि त्याला एकही कुस्ती न खेळता परतावं लागलं. या दोघांच्या पाठीशी डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. आमच्या आळीतल्या पोराच्या पाठीशी होता फक्त एक रेनकोट.

आता याच्या उलट बाजूची दोन नावं, दोन्ही आपल्या महाराष्ट्रातली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला फ्लायवेट म्हणजे ५२ किलोच्या गटात सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीला ते वरच्या, ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले आणि ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण मिळवलं आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत ब्राँझ. वरच्या गटात गेलं की पदक मिळतंच, असं मी म्हणत नाही. पण वर गेलं म्हणजे संपलो, ही भीती खोटी आहे, एवढं यातून नक्की दिसतं.

मग वजन कमी करायचंच नाही का? करायचं, पण चार दिवसांत नाही. आठवड्याला अर्धा किलो, फार तर पाऊण. तीन किलोंसाठी दीड महिना आधी सुरुवात करावी लागते. अर्धा किलो चरबी आठवड्यात उतरवायची तर रोज साडेपाचशे कॅलरी कमी घ्यायच्या. हे किती? साधारण दोन वडापाव. कर्जत स्टेशनवर गाडी थांबली की वड्याचा वास येतो, तेव्हा हा हिशेब आठवावा. कंपनीत पाळीवर जाणाऱ्या मुलांनी कॅन्टीनमधला तळलेला नाश्ता आणि दिवसाचे पाच-सहा गोड चहा एवढंच आवरलं, तरी निम्मं काम होतं.

कमी खायचं म्हणजे प्रथिनं कमी करायची नाहीत. उलट या काळात वजनाच्या दर किलोमागे पावणेदोन ते दोन ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतो. साठ किलोच्या मुलाला रोज सव्वाशेच्या आत-बाहेर नव्हे, शंभर ते एकशेवीस ग्रॅम पुरतात. त्यासाठी परदेशी डबे आणायची गरज नाही. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर आपल्याकडे वाल होतात. शंभर ग्रॅम सुक्या वालांत किंवा मुगांत चोवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात. कार्तिकात साजगावला बोंबल्या विठोबाची जत्रा भरते, तिथून घरोघरी वर्षाची सुकी मासळी येते. सुके बोंबील, सुका जवळा म्हणजे प्रथिनांची कोठीच. फक्त मासळी खारवलेली असेल तर नीट भिजवून, धुऊन घ्यावी, कारण जादा मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. चिकन खावं, पण तेलाचा तवंग असलेला रस्सा बाजूला ठेवावा.

भात-भाकरी सोडू नये. व्यायामाच्या आधी आणि नंतरच्या जेवणात ती असावीच. रात्रीच्या जेवणात थोडी कमी करून तिथे भाजी वाढवावी. नाचणीच्या भाकरीनं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि हाडांना चुनाही मिळतो. पावसाळ्यात ठाकूर-कातकरी बाया टाकळा, कुर्डू, भारंगी विकायला आणतात. या भाज्या ताटात असाव्यात. आणि पाणी रोज भरपूर. पाणी तोडून चरबी जात नाही, हे पुन्हा सांगतो.

शेवटच्या दीड-दोन दिवसांत थोडीशी सवलत घेता येते. पालेभाज्या, कोंडा, सालं कमी केली की आतड्यातलं ओझं घटतं. लोणचं-पापड बंद केलं की जास्तीचं पाणी सुटतं. एवढ्यानं अर्धा-पाऊण किलो खाली येतो. त्याहून जास्त उतरवायचं असेल, तर आपला गट चुकलाय असं समजावं.

२०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन स्पर्धेच्याच दिवशी सकाळी होतं. पूर्वीसारखी मधली रात्र मिळत नाही. म्हणून वजनानंतरचे थोडे तास मोलाचे. त्यात मटण-बिर्याणीवर तुटून पडू नये. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट घ्यावं. चमचा चहाचाच. त्याबरोबर केळं आणि आपली कोकणची मीठ घातलेली तांदळाची पेज. पेजेत पाणी, मीठ आणि इंधन तिन्ही असतात. आजाऱ्याला जी मानवते, ती सुकलेल्या पैलवानालाही मानवते.

आणि एक गोष्ट अजिबात करू नये. लघवी जास्त व्हायच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी रक्तातले क्षार ढळतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. शिवाय त्या उत्तेजकविरोधी नियमांत निषिद्ध आहेत. तपासणीत सापडल्या तर वर्षानुवर्षांची बंदी येते. वाढत्या वयाच्या मुलांनी तर वजन उतरवायच्या फंदात पडूच नये. त्यांची उंची वाढायची असते, हाडं भरायची असतात. कबड्डीतही कुमार गटाला वजनाची अट असते, तिथेही हेच लागू आहे. मुलगा वाढला तर गट बदलावा.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. ऐकताना त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "चाचा, ६१ मध्ये मोठी मोठी पोरं असतात." पण त्याच्या वस्तादांनाही पटलं. पुढच्या वर्षी तो ६१ किलोत उतरला. आदल्या रात्री आईच्या हातचा वरणभात जेवून गेला. उपान्त्य फेरीत हरला, पण पूर्ण सहा मिनिटं लढून हरला आणि आपल्या पायांनी चालत घरी आला.

त्याच्या आईनं या वेळी मला काही विचारलं नाही. वाटीभर वालाची उसळ पाठवली.