वायर बदला म्हणे!

माळ्यावरचा जुना स्टिरिओ खाली काढून लावला आणि डावा स्पीकर मुका निघाला, की सल्ला ठरलेला: "वायर बदला. ऑक्सिजन-फ्री कॉपरची टाका, मग बघा." दुकानदार हेच सांगतो, शेजारी हेच सांगतो, आणि ज्याने आयुष्यात पेचकस धरला नाही तो तर छातीठोकपणे सांगतो. महागडी वायर येते. स्पीकर मुका तो मुकाच.

हिशेब करून पाहावा. घरच्या वायरिंगमधली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली आणि स्पीकर ५ मीटरवर ठेवला, तर जाऊन-येऊन १० मीटर वायरचा रोध साधारण ०.१२ ओहम भरतो. समोर ८ ओहमचा स्पीकर. आवाजात घट जेमतेम ०.१ डेसिबल. गाणं ऐकताना अर्ध्या डेसिबलचा फरकही सहजी कळत नाही, मग हा कोणाच्या कानाला कळणार?

आकड्यांवर विश्वास नसेल, तर कानांची परीक्षाही झालेली आहे. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकात १९८३ साली लॉरेन्स ग्रीनहिल यांनी अशी चाचणी छापली. कोणती वायर जोडली आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. संगीत लावल्यावर महागडी वायर कोणती आणि १६ गेजची साधी कोणती, हे त्यांना खात्रीने सांगता आलं नाही. चाचणीसाठी वापरतात त्या सलग 'सर्रर्र' आवाजात २४ गेजची बारीक वायर मात्र पकडली गेली. म्हणजे सुतळीसारखी वायर असेल तर जरूर बदलावी. त्यापुढचे पैसे वायरवाल्याचे.

मग दोष कुठे? शोधायला दमडी लागत नाही. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसांत बदलायच्या आणि पुन्हा सुरू करायचा. आता उजवा गप्प झाला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरकडे किंवा त्याच्याही आधी. डावाच गप्प राहिला, तर त्याची वायर किंवा तो स्वतः.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते आणि मध्येच एक बाजू गायब होते? बटणाच्या आतल्या पट्टीवर मळ साचला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. झाकण न उघडता, बटणामागच्या फटीतून त्याचा एक फवारा आत मारून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवलं, की बहुतेक वेळा काम भागतं.

बास फाटका येत असेल, तर जाळी काढून स्पीकरच्या कडेचा फोम बघावा. बोट लावताच काळा भुगा हाताला चिकटला, तर फोम कुजला आहे. दमट हवेत तो लवकर कुजतो, त्यामुळे कोकण-गोव्याकडे हे दुखणं नेहमीचंच. फक्त कडा बदलून मिळतात, अख्खा स्पीकर फेकायची गरज नाही.

बास फाटका नाही, नुसता पोकळ येतो? एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले असतील. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरला क्षणभर टेकवावा. प्लसला प्लस असेल, तर स्पीकरचा पडदा बाहेर येतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

"सोन्याचा मुलामा म्हणजे वीज जास्त वाहते." नाही. तांबं सोन्यापेक्षा चांगलं वाहक आहे. सोनं फक्त गंजत नाही.

"वॅट दुप्पट, आवाज दुप्पट." वाढतो जेमतेम ३ डेसिबल.

"रेकॉर्ड प्लेयर ऑक्सला लावला तरी चालतो." सुईकडून काही मिलिव्होल्टच येतात, त्यामुळे आवाज बारीक आणि चिरका येतो. फोनो प्रीअ‍ॅम्प हवाच.

"प्लग काढला, आता झाकण उघडायला हरकत नाही." हरकत आहे. मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते, म्हणून आतलं काम मेकॅनिककडेच द्यावं.