विश्लेषण : हजार किलोंच्या भोपळ्याचा जीव देठात का अडकलेला असतो?

ऑक्टोबर उजाडला की अमेरिका, कॅनडा आणि युरोपात महाकाय भोपळ्यांच्या वजनाचे काटे सज्ज होतात. २०२३ मध्ये मिनेसोटाचे ट्रॅव्हिस गिंगर यांच्या भोपळ्याने कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे १,२४७ किलोंचा विश्वविक्रम केला आणि ३० हजार डॉलरचे बक्षीस मिळवले. २०२५ मध्ये इयन आणि स्टुअर्ट पॅटन या ब्रिटिश जुळ्या भावांच्या भोपळ्याने १,२७८ किलो गाठले. बातमी होते ती काट्यापर्यंत पोहोचलेल्या फळांची. त्याआधी जुलै-ऑगस्टमध्येच कितीतरी फळे हातची गेलेली असतात आणि अनेकदा त्याचे कारण देठात किंवा खोडात दडलेले असते.

देठावर एवढा ताण का येतो?

कॅनडातील नोव्हा स्कॉशियाचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी विकसित केलेले ‘अटलांटिक जायंट’ हे वाण या स्पर्धांचा पाया आहे. ऐन भरात याचे फळ दिवसाला २० किलोंनी वाढू शकते. फळ फुगते तसा त्याचा खांदा वर येतो आणि देठाला सोबत उचलतो. वेल मात्र पेरापेरातून फुटलेल्या मुळांनी जमिनीत घट्ट रोवलेली असते. या ओढाताणीत देठ फाटतो किंवा फळापासून सुटतो. पूर्ण सुटलेला देठ पुन्हा जोडण्याचा उपाय नाही. हंगाम तिथेच संपतो.

म्हणून खरे काम फळ लहान असतानाच करावे लागते. वेल आणि देठ यांच्यातला कोन काटकोनाच्या जवळ नेण्यासाठी वेल रोज थोडी थोडी सरकवली जाते. तीही दुपारनंतर, कारण सकाळी पाण्याने टच्च भरलेली वेल काडीसारखी मोडते. फळाच्या दोन्ही बाजूंना काही फुटांपर्यंतची मुळे आणि तणावे कापून वेल मोकळी केली जाते. मुळे कापायला जीव होत नाही, पण वेलीला वर उचलायला वाव मिळतो तो यामुळेच.

बुंधा सडू लागला तर?

दुसरा धोका वेल जमिनीतून वर येते त्या बुंध्याशी. जोमदार वाढीत तिथले जाड खोड तडकते, चिरेत पाणी आणि माती साचते, वर दाट पानांची सावली असते. जिवाणू आणि बुरशीला आणखी काय हवे? खोडातून फेस किंवा तांबूस चिकट द्रव झिरपणे आणि आंबूस वास येणे ही पहिली लक्षणे.

उपचार शस्त्रक्रियेसारखाच आहे. धारदार, निर्जंतुक केलेल्या चाकूने नासलेला भाग घट्ट, निरोगी पेशी लागेपर्यंत खरवडायचा. जखम कोरडी करायची. मग कॅप्टनसारख्या बुरशीनाशकाची भुकटी किंवा पाण्यात कालवलेला लेप लावायचा. हातमोजे, चष्मा आणि लेबलवरील सूचना यांना पर्याय नाही. पण कॅप्टन जिवाणूंना रोखत नाही. त्यामुळे औषधापेक्षा वारा महत्त्वाचा. अनेक उत्पादक बुंध्याजवळची पाने काढून तिथे छोटा पंखा लावतात. चीर चिकटपट्टीने किंवा मेणाने बंद करण्याचा मोह टाळलेलाच बरा. ओल आत कोंडली की कूज आणखी वेगाने पसरते.

अळी असेल तर?

अमेरिकेच्या पूर्व भागात वेल पोखरणाऱ्या एका पतंगाची अळी बुंध्यातून आत शिरते. छिद्राबाहेर लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की खोडाला उभी चीर देऊन ती काढतात आणि तो भाग ओल्या मातीने झाकतात. आडवी चीर दिली तर वेलीतल्या रसवाहिन्याच तुटतात. खोडातून डिंकासारखा स्राव येणाऱ्या बुरशीजन्य रोगाचाही धोका असतोच. महाराष्ट्रातील कलिंगड-खरबूज उत्पादकांना तो ‘डिंक्या’ म्हणून चांगला परिचित आहे.

बुंधा गेला म्हणजे सगळे संपले का?

नाही, आणि भोपळ्याच्या वेलीची ही मोठीच सोय आहे. मातीने झाकलेल्या प्रत्येक पेराला नवी मुळे फुटतात. जाणकार उत्पादक पहिल्यापासून वेली पुरत जातात ते यासाठीच. ऑगस्टपर्यंत पाणी आणि अन्नद्रव्यांचा मोठा वाटा या मुळांकडे गेलेला असतो. कूज आवरली नाही तर काही जण बुंधा कापून वेगळा करतात आणि उरलेली वेल फळ पोसत राहते. वाढ काहीशी मंदावते, इतकेच.

देठाच्या बाबतीत अशी दुसरी वाट नाही. उथळ, कोरडी चीर असेल तर कॅप्टनचा लेप आणि पंखा यांच्या आधारे फळ हंगाम काढू शकते. मात्र ती फळात उतरली तर प्रश्न नियमांचा होतो. ‘ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ’च्या स्पर्धांत आतल्या पोकळीपर्यंत चीर किंवा छिद्र गेलेले फळ बाद ठरते. ते काट्यावर चढते, लोक फोटोही काढतात. वजन मात्र क्रमवारीत धरले जात नाही.