उंदीर ‘दुखतंय’ म्हणत नाही, मग डॉक्टरला कळतं कसं?

मी कोहमाऱ्याचा, काम सॉफ्टवेअरचं. सर्व्हर बंद पडायच्या आत लक्षणं ओळखायची, हीच माझी रोजीरोटी. आज तेच काम, पण पेशंट २५ ग्रॅमचा: कॅन्सर संशोधनातला उंदीर.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये असे उंदीर सांभाळतात. यातला एक प्रकार ‘न्यूड’ उंदरांचा: अंगावर केस नाहीत, थायमस ग्रंथी नाही, म्हणून टी-पेशी नीट तयार होत नाहीत. त्यामुळेच माणसाची गाठ त्यांच्या अंगात वाढू शकते. पण साधं इन्फेक्शनही जिवावर बेततं. म्हणून गाळलेली हवा, निर्जंतुक खाणं-पाणी.

अडचण अशी, की उंदीर दुखणं लपवतो. शिकाऱ्यापुढे कमजोर दिसला की संपला! म्हणून रोज बघायचं: पाठ वाकली का, डोळे अर्धे मिटलेत का, खाणं तसंच पडलंय का. आणि वजन. २५ ग्रॅममधले ५ गेले, म्हणजे २० टक्के. बऱ्याच प्रयोगांत तिथेच थांबायचं ठरलेलं असतं. मग पशुवैद्याच्या सल्ल्याने वेदना न होता मरण देतात. ही मर्यादा प्रयोगाआधीच लिहून प्राणी नीतिसमितीची मंजुरी घ्यावी लागते. मुळाशी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा.

यात नुसती दया नाही, हिशोबही आहे. वजन औषधाने घटलं की इन्फेक्शनने, हेच कळलं नाही तर आकडे खोटे बोलतात. आणि त्याच आकड्यांवरून निघालेली वाट शेवटी कुणाच्या तरी आईच्या सलाईनपर्यंत जाते.

प्रश्न पाठवा, पुढच्या भागात बोलू!