चोरीच्या चित्राचा पंचनामा

वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार झालेल्या काडतुसाच्या बुडावर ‘ओएफव्ही’ ही अक्षरं आणि वर्ष ठोकलेलं असतं. कारखाना १९६४ चा. गोळी उडून गेली आणि पुंगळी कुठेही सापडली, तरी ती कुठली हे बूड पाहून कळतं. चित्रांच्या नशिबी ही सोय नाही. कोपऱ्यातली सही चित्र कुणी काढलं ते सांगते, कुणाच्या भिंतीवरून गेलं ते नाही. ते सांगणार संग्रहालयाची नोंदवही, आणि तीही कुणी नीट लिहिली असेल तर.

सिनेमातला इंटरपोलचा अधिकारी विमानातून उतरतो आणि थेट बेड्या घालतो. खऱ्या इंटरपोलला अटकेचा अधिकारच नाही. फ्रान्समधल्या लियाँमध्ये मुख्यालय असलेली ही संस्था १९६ सदस्य देशांच्या पोलिसांमध्ये निरोप पोचवते आणि नोंदी सांभाळते. धाड घालायची ती स्थानिक पोलिसांनीच. भारतात तिचं काम सीबीआय पाहते. जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या ठाण्यात चित्रचोरीचा गुन्हा दाखल झाला, तर फोटो आणि वर्णन सीबीआयमार्फत लियाँच्या चोरीच्या कलाकृतींच्या यादीत जाऊ शकतं. राज्यांच्या पोलिसांना सीबीआयकडे अशी विनंती थेट ऑनलाइन करता यावी म्हणून जानेवारी २०२५ मध्ये ‘भारतपोल’ हे पोर्टल सुरू झालं.

त्या यादीत पन्नास हजारांहून जास्त वस्तू आहेत. अट एकच, पण कडक: वस्तू नेमकी ओळखता आली पाहिजे. ‘जुने चित्र, फ्रेमसह, एक नग’ असा पंचनामा असेल तर लियाँचं दार बंदच. लांबी-रुंदी, माध्यम, सही, मागच्या बाजूचे शिक्के, कॅनव्हासची दुरुस्ती, एखादा ओरखडा, हे सगळं हवं. त्यातही ओरखडा फार मोलाचा, कारण नक्कल करणारा नेमका तोच विसरतो. २०२१ पासून ‘आयडी-आर्ट’ या मोफत ॲपवर ही यादी कुणालाही मोबाइलवर तपासता येते.

हे सगळं जुळून आलं तर काय होतं, ते इटलीतल्या वेरोनाने पाहिलं. १९ नोव्हेंबर २०१५ च्या संध्याकाळी कास्तेलव्हेक्कियो संग्रहालय बंद व्हायच्या बेतात होतं. लोक निघून गेले होते आणि रात्रीचा अलार्म अजून चालू व्हायचा होता. नेमक्या त्या फटीत तोंड झाकलेले तिघे आत शिरले. पहारेकरी आणि तिकीट खिडकीवरची बाई, दोघांना बांधून त्यांनी १७ चित्रं उतरवून घेतली, त्यांत तिंतोरेत्तो, रुबेन्स, मांतेन्या, पिसानेल्लो अशी नावं, आणि पहारेकऱ्याच्याच गाडीतून ते पसार झाले. इतकी अचूक वेळ साधली म्हणजे माहिती घरातूनच गेली असणार, हे कुठल्याही हवालदाराने सांगितलं असतं. मार्च २०१६ मध्ये धरपकड झाली, तेव्हा खुद्द तो पहारेकरी आणि त्याचा भाऊ जाळ्यात सापडले. बाकीचे बरेचसे मोल्दोव्हाचे. चित्रं मात्र तोवर पूर्वेकडे निघून गेली होती. मे महिन्यात मोल्दोव्हाच्या सीमेजवळ, युक्रेनच्या हद्दीतल्या एका नदीबेटावर झुडपांत ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सापडली. सतराच्या सतरा. डिसेंबरमध्ये ती वेरोनाला परतली. चित्र जितकं प्रसिद्ध, तितकं ते विकणं अवघड. चोरांना हे बहुधा चोरी झाल्यावरच उमगतं.

आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट चित्राची नाही, मूर्तीची आहे, आणि तिला सहा महिने नव्हे, सत्तावन्न वर्षं लागली. नालंदाच्या पुरातत्त्व संग्रहालयातून १९६१ मध्ये १४ मूर्ती चोरीला गेल्या. त्यांतला बाराव्या शतकातला, चांदीचं जडावकाम असलेला ब्राँझचा बुद्ध २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टमधल्या कलामेळ्यात विक्रीला आलेला दिसला. हेरला तो जुन्या मूर्तींचे फोटो ताडून पाहणाऱ्या हौशी अभ्यासकांनी. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी पुढचं काम केलं. मेणाचा नमुना वितळवून त्या जागी धातू ओतून घडवलेली मूर्ती एकुलती एक असते, त्यामुळे जुन्या फोटोंशी ती ताडता आली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लंडनमध्ये ती भारताच्या हाती सोपवली गेली.

कायदा आपल्याकडे आहे. १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा १९७६ मध्ये अमलात आला. चोरट्या कलाव्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या १९७० च्या कराराला भारताने १९७७ मध्ये मान्यता दिली. अडचण अशी की हा करार मागच्या काळाला लागू होत नाही.

आणि खानदेशाच्या उशाशी असलेल्या अजिंठ्याची हानी झाली ती नेमकी त्याआधी. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. बर्ड यांनी भिंतीवरच्या आकृती सोलून न्यायचा प्रयत्न केला. त्या आकृतींचा चुरा झाला. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून प्रतिकृती रंगवत होता. ती अजिंठ्याची पहिली मोठी नोंद. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत तिच्यातली बहुतेक चित्रं जळाली. गिल १८७९ मध्ये गेला. त्याची कबर वरणगावच्या शेजारीच, भुसावळला आहे.

अजिंठ्याच्या भिंतीचा एक तुकडा मात्र अमेरिकेत, बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. तो कुणी लपवलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रहालयाने तो रीतसर मिळवला. तेव्हा ना १९७२ चा कायदा होता, ना युनेस्कोचा करार. त्याच्यासाठी पोलिसांना करण्यासारखं काही नाही. काही व्हायचं असेल तर ते दोन सरकारांच्या आणि संग्रहालयाच्या बोलण्यातूनच होईल.