हवामानबदल : अंशांची भाषा आणि फुटांची भाषा

कोल्हापुरात पावसाळ्यात पुराची चर्चा फुटांत होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे नदीकाठी कोणासही सांगावे लागत नाही. याउलट, २०१५ च्या पॅरिस करारातील दीड अंश सेल्सियसची मर्यादा जगभरच्या चळवळींचे घोषवाक्य झाली असली, तरी ती येथील शेतकऱ्याला फारशी भिडत नाही. सकाळ-दुपारच्या तापमानातच याहून कितीतरी अधिक फरक असताना दीड अंशाने काय बिघडणार, असा त्याचा प्रश्न असतो. आणि तो अडाणीपणाचा मुळीच नाही.

त्याचे उत्तर द्यावयाचे तर अंशाचा हिशेब पाण्यात मांडावा लागतो. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. साहजिकच थोड्या वेळात फार मोठा पाऊस कोसळण्याचा संभव वाढतो. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली होती. प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीच्या ग्रामसभेत हा युक्तिवाद लगेच उमगतो.

मात्र येथेच प्रचारकाचा तोल सुटण्याची भीती असते. सारा महापूर हवामानबदलाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु पूररेषेच्या आत पडलेला भराव व उभी राहिलेली बांधकामे श्रोत्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात, अलमट्टीच्या फुगवट्याचा वादही ऐकलेला असतो. हे वगळणारा वक्ता एकदा अविश्वसनीय ठरला, की त्याच्या खऱ्या आकड्यांनाही कोणी विचारीत नाही. पुढे जनावरांसह घर सोडण्याची सूचना आली, तर तीही अतिशयोक्ती समजली जाण्याचा धोका असतो.

शिवाय, नुसते पटून भागत नाही; पटल्यावर करावयाची कृती हाताशी हवी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विसर्जित गणेशमूर्ती दान करण्याचे आवाहन केले, तेव्हा विरोधही झाला. तथापि त्यात पूजा सोडा असे म्हटले नव्हते. मूर्ती नदीत राहू देऊ नका, एवढेच सांगितले होते. राज्य शासनाच्या २०२० मधील ‘माझी वसुंधरा’ अभियानानेही भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या परिचित पंचतत्त्वांचाच आधार घेतला. कोल्हापुरात विसर्जनासाठी काहिली ठेवण्याची प्रथा रुजली आहे. काहिल म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटविण्याची विशाल कढई. गुळाच्या या मुलखात ती कोणाला परकी वाटणार?