रक्ताला प्राणवायू देणारी यंत्रे : रचनेमागील विचार

हृदयावरील काही शस्त्रक्रियांत रुग्णाचे हृदय व फुप्फुसे काही काळ विश्रांत ठेवली जातात आणि त्यांचे कार्य शरीराबाहेरील यंत्र करते, हे वाचक वैद्यांस ज्ञात आहेच. २०२० पासूनच्या कोविड साथीत 'एक्मो' हा शब्द घरोघरी पोहोचला. अशा वेळी रुग्णाचे आप्त आपल्या विश्वासातील वैद्यांना विचारतात, 'या यंत्राने आमचा माणूस बरा होईल का?' त्याचे नेमके उत्तर देता यावे, म्हणून या यंत्राचा गाभा असलेल्या ऑक्सिजनेटरची रचना येथे थोडक्यात मांडत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. शार्ङ्गधराने श्वसनाच्या वर्णनात प्राणपवन बाहेर जाऊन आकाशातील अमृत प्राशन करून परततो, असे सांगितले आहे. निरीक्षण मार्मिक आहे. तथापि पंचविध वायूंतील प्राण ही संकल्पना फार व्यापक असल्याने तिच्यात आजचा ऑक्सिजन शोधण्याचा मोह आम्ही टाळतो. या लेखात 'प्राणवायू' म्हणजे केवळ ऑक्सिजन.

निसर्गाचा आदर्श

प्रौढाच्या फुप्फुसांतील वायुकोशांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर असते. रक्त व वायू यांमधील पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. म्हणूनच केशवाहिनीतून जाताना एका सेकंदाहूनही कमी वेळात रक्त प्राणवायूने संपृक्त होते. विश्रांतीत शरीरास दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. कृत्रिम साधनात मात्र साधारण दोन चौरस मीटरच क्षेत्रफळ मिळते. ही उणीव भरून काढण्यासाठी हवेऐवजी प्राणवायूचे प्रमाण पुष्कळ अधिक असलेला वायू वापरतात, जेणेकरून दाबातील फरक वाढून वायू रक्तात वेगाने शिरतो. कर्बद्विप्रणील वायूचे विसरण मुळातच सुलभ असल्याने तो बाहेर काढणे तुलनेने सोपे ठरते.

तीन पिढ्या

डॉ. जॉन गिबन यांनी सुमारे दोन दशकांच्या परिश्रमांनंतर ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने एका तरुणीच्या हृदयातील छिद्र यशस्वीपणे बंद केले. त्यांच्या यंत्रात पोलादी जाळ्यांवरून रक्ताचा पातळ थर ओघळत असे. १९५५ मध्ये मिनेसोटा येथील डिवॉल व लिलेहाय यांनी रक्तात थेट प्राणवायूचे बुडबुडे सोडण्याची सोपी व स्वस्त पद्धत आणली. तथापि रक्त व वायू यांच्या थेट संपर्कामुळे रक्तकणांस इजा होई, तसेच फेस पूर्णपणे काढून टाकणे अत्यावश्यक असे. एखादा बुडबुडा मेंदूत पोहोचल्यास अनर्थ ओढवे.

यावर उपाय म्हणजे मध्ये पडदा. आज केसासारख्या बारीक, पोकळ तंतूंची जुडी वापरतात. तंतूंच्या आतून वायू व बाहेरून रक्त वाहते. पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंना अतिसूक्ष्म छिद्रे असतात. शस्त्रक्रियेच्या काही तासांसाठी ते उत्तम; पण दीर्घकाळ वापरल्यास रक्तद्रव त्यांतून झिरपू लागतो. म्हणून अनेक दिवस चालणाऱ्या एक्मोसाठी पॉलिमिथाइलपेंटीनचे, बाहेरून सलग पातळ आवरण असलेले तंतू योजतात.

रचनाकाराची अडचण

पडद्यालगतचे रक्त लवकर संपृक्त होते, परंतु दूरचे रक्त तसेच निघून जाते. म्हणून तंतू तिरकस विणून प्रवाह ढवळला जाईल अशी योजना करतात. मात्र घर्षण वाढले तर रक्तकण फुटतात आणि प्रवाह कोठे मंदावला तर तेथे गुठळी धरते. क्षेत्रफळ वाढवावे, तर परक्या पृष्ठभागाशी रक्ताचा संपर्क वाढतो. गुठळी टाळण्यासाठी हेपॅरिन द्यावे, तर रक्तस्रावाचे भय. एक गुण वाढविताना दुसरा दोष वाढू न देणे, हेच येथील खरे कौशल्य होय.

आपले कर्तव्य

आप्तांच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच मिळते. हे यंत्र रोग बरा करीत नाही. फुप्फुसे वा हृदय सावरेपर्यंत, अथवा मूळ व्याधीवर उपचार होईपर्यंत, अवधी मिळवून देते. तो अवधीही निर्धोक नसतो. आप्तांना खोटी आशा दाखवू नये, तशीच निराशाही पदरी घालू नये. असा रुग्ण पुढे आपणांकडे आल्यास तो रक्त पातळ करणारी औषधे घेत आहे काय, हे प्रथम विचारावे आणि त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांशी विचारविनिमय केल्यावाचून कोणतेही नवे औषध सुरू करू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.